कर्करोगाचा माग काढणारे डॉ. खानोलकर



मुरूड, श्रीवर्धन किंवा अलिबागहून तुम्ही एस.टी.ने मुंबईला निघालात, की पेण आणि पनवेल मागे टाकून गाडी खारघरला पोहोचते. खारघर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. येथे कर्करोगावर उपचार करणारी आणि त्याचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था आहे. या संस्थेतील संशोधनाच्या इमारतीचे नाव आहे खानोलकर शोधिका. शोधिका म्हणजे शोध घेण्याची जागा.

हे खानोलकर कोण होते? कर्करोगाच्या रुग्णालयाशी त्यांचे नाव जोडलेले आहे, म्हणून ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर असतील असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. ते शस्त्रवैद्य नव्हते. त्यांचे हत्यार होते सूक्ष्मदर्शक. तरीही कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा आपल्या देशातील इतिहास त्यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. असे का, ते या पाठात आपण पाहू.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका मराठी कुटुंबात झाला. खानोली हे वेंगुर्ले तालुक्यातील एक गाव. खानोलकर हे आडनाव ऐकले, की कोकणाची आठवण होते ती त्यामुळेच. वसंतराव वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी मिळवली. त्यांचा विषय होता विकृतिशास्त्र.

विकृतिशास्त्र हा शब्द तुम्हांला कठीण वाटेल. त्याचा अर्थ सोपा आहे. रोगामुळे शरीरात कोणते बदल होतात, हे पाहणारे शास्त्र म्हणजे विकृतिशास्त्र. रुग्णाच्या गाठीचा किंवा जखमेचा अगदी लहान तुकडा काढतात. त्यावर प्रक्रिया करून तो मेणात बसवतात. मग त्याचे केसाहूनही पातळ काप घेतात, काचेच्या पट्टीवर ठेवून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी पेशी नीट रचलेल्या दिसतात. कर्करोगाच्या पेशी मात्र वेड्यावाकड्या, गर्दी करून वाढलेल्या आणि शेजारच्या भागात घुसलेल्या दिसतात. गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे यावरून ठरते.

त्या काळी वैद्यकीय पदवी घेतलेल्या तरुणाला स्वतःचा दवाखाना काढून भरपूर पैसा मिळवता आला असता. खानोलकरांनी मात्र शिकवण्याचे आणि संशोधनाचे काम पत्करले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. परळचे हे कॉलेज इंग्रजांच्या राज्यात सुरू झाले, तरी तेथे भारतीय अध्यापकच नेमावेत अशी देणगीदारांची अट होती. भारतीय माणूसही विज्ञान शिकवू शकतो आणि नवे विज्ञान घडवू शकतो, हे तेथील अध्यापकांना दाखवून द्यायचे होते. खानोलकर त्यांपैकी एक होते.

आता थोडे मागे जाऊ या. कर्करोगावर शस्त्रक्रिया करण्याचा विचार फार जुना आहे. अबुल कासिम अल् जहरावी हे नाव तुम्ही कदाचित वाचले असेल. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी ते स्पेनमधील कुर्तुबा येथे होऊन गेले. त्यांनी अल् तसरीफ हा तीस भागांचा वैद्यकीय ग्रंथ लिहिला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे आणि त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत. पुढे या भागाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील डॉक्टरांनी अनेक शतके त्याचा अभ्यास केला. कर्करोगाबद्दल जहरावींनी एक नियम सांगून ठेवला होता. रोग नुकताच सुरू झालेला असेल आणि गाठ मुळासकट निघण्यासारखी असेल, तरच कापावे. ती जुनी आणि मोठी झाली असेल, तर हात लावू नये.

या नियमाचे पहिले अर्धे वाक्य पाळणे फार अवघड होते. रुग्णाला बेशुद्ध करण्याची सोय नव्हती. वेदनेने तो तडफडत असे. शस्त्रक्रिया पार पडली, तरी जखम सडून अनेक जण दगावत. १८४६ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली. १८६७ मध्ये ब्रिटिश शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरून जखमेतील जंतू कसे रोखावेत, हे जगापुढे मांडले. वेदना आणि जंतू हे दोन मोठे अडथळे दूर होऊ लागले. मग शस्त्रवैद्यांचे धैर्य वाढले. १८८१ मध्ये व्हिएन्ना येथे बिलरोथ यांनी एका स्त्रीच्या जठराचा कर्करोग झालेला भाग कापून उरलेला भाग आतड्याला जोडला. ती शस्त्रक्रियेतून वाचली, पण काही महिन्यांनी रोग उलटला आणि ती मरण पावली. अमेरिकेत हाल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया सुरू केली. स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील गाठीही ते काढून टाकत. रोगाचा एकही कण मागे राहू नये, हा त्यांचा हेतू होता. पुढे अनेक वर्षे जगभरचे शस्त्रवैद्य याच वाटेने गेले. जितके जास्त कापावे तितके चांगले, असे त्यांना वाटे.

आपल्या देशात तेव्हा काय स्थिती होती? हिंदुस्थानात कर्करोग फारसा होतच नाही, असा अनेकांचा समज होता. त्याच्यासाठी मुंबईत वेगळे रुग्णालयही नव्हते. १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने परदेशात मरण पावल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांचेही निधन झाले. मृत्यूपूर्वी दोराबजींनी आपली संपत्ती एका न्यासाला देऊन टाकली होती. त्या न्यासाने परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुरुवातीला तेथे ८० खाटा होत्या. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि प्रयोगशाळा हे सारे तेथे एकाच छताखाली आले.

या रुग्णालयातील प्रयोगशाळांची आणि संशोधनाची सूत्रे डॉ. खानोलकर यांच्या हाती आली. त्याच रुग्णालयात डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्यासारखे कुशल शस्त्रवैद्य काम करीत. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. शस्त्रवैद्य आणि विकृतिशास्त्रज्ञ यांची जोडी कशी असते, पाहा. गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे विकृतिशास्त्रज्ञ सांगतो. मग शस्त्रवैद्य ती कापतो. कापलेला भाग पुन्हा प्रयोगशाळेत येतो. त्याच्या कडेपर्यंत रोगट पेशी पोहोचल्या आहेत का, हे विकृतिशास्त्रज्ञ तपासतो. कड स्वच्छ असेल, तर रोग तेथून पूर्ण निघाला असण्याची आशा वाढते. कडेवर रोग दिसला, तर काही तरी मागे राहिले आहे असे समजावे. म्हणून चाकू शस्त्रवैद्याच्या हातात असला, तरी त्याला वाट दाखवणारा डोळा विकृतिशास्त्रज्ञाचा असतो.

परळला देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येऊ लागले. आपल्या किनाऱ्यावरचे लोकही रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरत आणि तेथून परळ गाठत. बरेच रुग्ण फार उशिरा येत. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण तर पुष्कळच असत. कोणाची जीभ, कोणाचा गाल, तर कोणाचा जबडा कापावा लागे. जीव वाचला, तरी बोलणे, जेवणे आणि चारचौघांत वावरणे कठीण होऊन बसे.

डॉ. खानोलकरांचे काम खरे तर तुकडा तपासून अहवाल देण्याने संपले असते. पण ते तेथे थांबले नाहीत. त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. युरोपात तोंडाचा कर्करोग इतका दिसत नाही, मग आपल्याकडेच तो इतका का? आणि एका प्रांतातील माणसाला तो ओठाच्या आत होतो, तर दुसऱ्या प्रांतातील माणसाला टाळूवर, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकात नव्हते. ते रुग्णाच्या रोजच्या जगण्यात होते. तो काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, कपडे कसे नेसतो, याची चौकशी करावी लागणार होती. ती करून १९४५ मध्ये डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. चालीरीतींमुळे होणारे कर्करोगाचे तीन प्रकार त्यांनी त्यात मांडले.

पहिला प्रकार खैनीचा. बिहारकडे तंबाखू आणि चुना मळून ती चिमूट खालच्या ओठाच्या आत धरून ठेवतात. कर्करोग नेमका तेथेच होत होता. दुसरा प्रकार चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर काही लोक, विशेषतः स्त्रिया, चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात. त्या आगीची आणि धुराची धग टाळूला लागते. तेथे कर्करोग टाळूवर होत होता. तिसरा प्रकार तर नवलाचा होता. काही माणसांना कंबरेच्या कातडीवर कर्करोग होत होता. वर्षानुवर्षे धोतर एकाच जागी घट्ट बांधल्याने कातडी घासली जाई, काळवंडे, पांढुरकी पडे आणि शेवटी तेथे रोग उभा राही. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही असे रुग्ण आढळले.

या तीन उदाहरणांतून एक मोठी गोष्ट पुढे आली. कर्करोग हा नशिबाचा फेरा नाही. निदान काही कर्करोगांना कारण असते आणि ते कारण दूर करता येते.

पण एवढ्याने खानोलकरांचे समाधान झाले नाही. तंबाखू खाणाऱ्याला कर्करोग झाला, म्हणजे तो तंबाखूनेच झाला असे कसे म्हणावे? तंबाखू न खाणाऱ्यांनाही तो तितकाच होत असेल तर? म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाचे रुग्ण आणि कर्करोग नसलेली माणसे यांच्या सवयी विचारून ताडून पाहिल्या. हा अभ्यास १९५५ मध्ये ब्रिटनच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी दिसला आणि विडी ओढण्याचा संबंध जिभेच्या मागच्या भागाच्या व घशाच्या कर्करोगाशी दिसला. पाच वर्षांपूर्वीच, म्हणजे १९५० मध्ये, इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता. आपल्या लोकांच्या सवयींचा असा हिशोब परळच्या शास्त्रज्ञांनी मांडला.

डॉ. खानोलकरांनी एकट्याने नाव मिळवले असे नाही. त्यांनी माणसे घडवली. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवून त्यांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभारली. १९५२ मध्ये डॉ. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. १९६६ मध्ये हे केंद्र आणि टाटा स्मारक रुग्णालय एकत्र आले. कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगाचाही खानोलकरांनी खोलवर अभ्यास केला. त्या काळी कुष्ठरोग्याला लोक गावाबाहेर काढत. खानोलकरांसाठी तोही इतरांसारखाच एक रुग्ण होता.

त्यांना अनेक मान मिळाले. देशातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर कर्करोगाच्या शस्त्रक्रियेने नवे वळण घेतले. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी मोठ्या आणि लहान शस्त्रक्रियांची काळजीपूर्वक तुलना केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसले, की स्तनाचा कर्करोग लवकर सापडला, तर केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी रुग्ण तितकेच जगतात. सगळा स्तन काढण्याची गरज प्रत्येकीला नसते. जास्त कापावे तितके चांगले, हा जुना समज मागे पडला. आता जबडा काढावा लागलाच, तर पायाच्या हाडाचा तुकडा घेऊन नवा जबडा घडवता येतो. शस्त्रवैद्यांचे कसब वाढले आहे. पण रोग लवकर सापडावा, ही जहरावींच्या काळातील अट आजही तशीच आहे.

खानोलकरांनी सुरू केलेली संशोधन संस्था २००२ मध्ये परळहून खारघरला आली. म्हणजे त्यांचे काम आता आपल्या अंगणात आले आहे. मग आपण आपल्या घराकडे पाहू नये का?

आपल्या किनाऱ्यावर अनेक घरांत दादी-नानी सकाळी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात स्वच्छ होतात म्हणून एकदा लावली, की पुढे सुटत नाही. होडीवर जाणारे काही लोक झोप येऊ नये म्हणून तंबाखूची चिमूट ओठात धरतात. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी त्याच्या रिकाम्या पुड्या तुम्हांला रस्त्यात दिसत असतील. आणि सुपारी? श्रीवर्धनची रोठा सुपारी दूरवर प्रसिद्ध आहे. तिच्या बागांवर आपल्यापैकी कित्येकांची घरे चालतात. तरीही खरे ते सांगितले पाहिजे. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते असे जाहीर केले. बागायतदाराचा यात दोष नाही. पण सुपारी चघळायची की नाही, हे आपण ठरवू शकतो.

तोंडाचा कर्करोग एकाएकी वाढत नाही. आधी तो खुणा दाखवतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो. दोन-तीन आठवडे झाले तरी जखम भरत नाही. तोंड पूर्वीसारखे उघडत नाही, तिखट सोसत नाही. प्रत्येक चट्टा कर्करोगाचा नसतो, म्हणून घाबरू नये. पण घरात कोणाला अशी खूण दिसली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवावे. वडीलधाऱ्यांना अडवून बोलणे तुम्हांला जड जाईल. मग अदबीने सांगा, हट्ट धरा, त्यांच्याबरोबर जा. मोठी माणसे पुष्कळदा डॉक्टरांचे ऐकत नाहीत, पण नातवाचे ऐकतात.

डॉ. खानोलकरांनी हजारो तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पण त्यामागचा माणूस ते विसरले नाहीत. तो आजारी का पडला, असे त्यांनी विचारले. त्या एका प्रश्नामुळे कित्येकांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याची वेळच येणार नाही. पुढच्या वेळी खारघरवरून जाल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा. आणि घरी गेल्यावर दादीच्या मशेरीच्या डबीचे काय करायचे, याचा तिच्याशीच बसून विचार करा.

शब्दार्थ
माग काढणे – शोध घेणे. शस्त्रवैद्य – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. न्यास – लोकहितासाठी ठेवलेला निधी सांभाळणारी संस्था. दगावणे – मरण पावणे. ताडून पाहणे – तुलना करून पाहणे. कसब – कौशल्य. अदबीने – आदराने.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विकृतिशास्त्र म्हणजे काय?
(आ) टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन केव्हा झाले?
(इ) खैनीमुळे कर्करोग तोंडात कोठे होत होता?
२. कारणे लिहा.
(अ) जुन्या काळी कर्करोगावर शस्त्रक्रिया करणे अवघड होते.
(आ) कर्करोग नसलेल्या माणसांच्याही सवयी डॉ. खानोलकरांनी विचारून घेतल्या.
३. वाक्यांत उपयोग करा : सूत्रे हाती येणे, मागे पडणे, हट्ट धरणे.
४. तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला तंबाखू किंवा मशेरी सोडण्याची विनंती करणारे पत्र मराठीत लिहा.